माधवीच्या नावापुढचा शेरा

माधवीची मनगटं मी धरली, ही पहिली चूक. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे 'सहकार्य नाही' असा शेरा लिहिला, ही दुसरी. पहिली अज्ञानातून झाली, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. ते खरं नाही.

नव्वदच्या दशकात बनारसच्या एका विशेष शाळेत मी मोठ्या मुलांना संगीत शिकवायचो. 'म्युझिक थेरपी' हा शब्द एका शिबिरात ऐकून आलो होतो, तेवढंच भांडवल. ऑटिझम तेव्हा कागदावर येत नसे. सरसकट 'मंदबुद्धी' लिहायचे. माधवी बावीस वर्षांची, संकठा घाटाजवळच्या मराठी घरातली. बोलत नसे. पण तानपुरा छेडला की त्यात सूर मिळवून गुणगुणायची. इतका नेमका षड्ज माझाही लागत नसे.

पहिल्याच दिवशी तिची आई म्हणाली, "मास्तर, बाकी काही करा, तिचे हात मात्र पकडू नका हं."

"काकू, ताल हातावरच शिकवतात. माझ्या गुरुजींनी माझं मनगट धरूनच शिकवला."

मुलीचे लाड असतील, असं मी समजलो.

दोन महिने नुसता तानपुरा चालला. मग प्रिन्सिपल मॅडम वर्गात आल्या.

"दामलेजी, बस गुनगुनाती ही रहेगी? अगले हफ्ते ट्रस्टी आ रहे हैं. कम से कम ताली तो बजवाइए. नहीं तो सीट किसी और को देनी पड़ेगी."

दुसऱ्या दिवशी मी माधवीची दोन्ही मनगटं धरली आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाळी वाजवून घेऊ लागलो. तिने हात मागे ओढले. गुणगुणणं थांबलं. मी आवर्तन पुरं केलं. मग दुसरं. तिसऱ्याला तिने स्वतःचा दंड चावला. रक्त आलं.

शेरा मी त्याच दुपारी लिहिला. आठवड्याभरात तिचं नाव पटावरून काढलं गेलं.

महिन्यानंतर हिंमत करून तिच्या घरी गेलो. माधवी खिडकीशी बसली होती. काकूंनी सांगितलं, ती चौदा वर्षांची असताना नातेवाइकांनी तिला भूत उतरवणाऱ्या ओझाकडे नेलं होतं. तीन दिवस मनगटं बांधून कानाशी ढोल बडवला.

"हे आधी सांगायचं ना, काकू."

"हात पकडू नका म्हटलं, ते पुरं नव्हतं?" त्या म्हणाल्या. "तुमच्या गुरुजींनी धरलं होतं, मास्तर. बांधलं नव्हतं. तुमच्या वर्गातल्या त्या दिवसापासून हिने एकही सूर काढलेला नाही."

मी शाळेत लेखी दिलं की शेरा खोटा आहे, चूक माझी आहे. मॅडमनी कागद वाचला. "अब क्या फायदा? सीट भर गई. और अपनी नौकरी का भी सोचिए." कागद फाइलमध्ये गेला. माधवी परत आली नाही.

आमच्या धंद्यात एवढं पाळावं: घरचे 'नको' म्हणाले की कारण कळायची वाट पाहू नये, आधी हात मागे घ्यावा.

पुढच्या रविवारी तानपुरा घेऊन पुन्हा गेलो. तिच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसलो. बराच वेळ छेडला. ती गुणगुणली नाही. तानपुरा खाली ठेवून मी म्हणालो, "माधवी, तू हात ओढलेस तेव्हा नको म्हणत होतीस. मला कळलं होतं. तरी मी सोडले नाहीत. माझं चुकलं."