दाजींनी हलके केलेले फोटो

फोटोचं वजन उतरवण्यात आमच्या दाजींचा हात धरणारा माणूस पनवेलमध्येच काय, खाडीच्या अलीकडे-पलीकडे कुठेच नव्हता. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. बाजारपेठेतल्या एका गल्लीत त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान होतं. त्या काळी नेट मुंगीच्या पावलांनी चालायचं आणि फोटो पन्नास केबीच्या वर गेला की फॉर्म पुढे सरकायचाच नाही. खारघरच्या कॉलेजांतली मुलं तिथले चकचकीत सायबर कॅफे पालथे घालून शेवटी दाजींकडे यायची. दाजी फोटो निम्मा करायचे, मग पाव करायचे, दर वेळी उठून दारापर्यंत जायचे आणि तिथून डोळे बारीक करून पडद्याकडे बघायचे. मग आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून म्हणायचे, "यातला मूळचा कुठला, सांगा." गिऱ्हाईक चुकलं की त्यांचा चेहरा असा खुलायचा, की पुढे पुढे मुलं मुद्दामच चुकायला लागली.

झाडांवर त्यांचा विशेष राग होता. "पानं फार केबी खातात," असं ते म्हणत. एकदा आम्ही नेऱ्याला एका मित्राच्या शेतघरी गेलो होतो. मागे हिरवागार डोंगर होता, ताईला आंब्याखाली फोटो हवा होता. पण दाजींनी सगळ्यांना पाण्याच्या टाकीच्या पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं. ताई म्हणाली, "यांना ताटातलं कमी झालेलं चालत नाही, फोटोतलं तेवढं चालतं." त्या फोटोत आम्ही सगळे ओळखपरेडीला उभे केल्यासारखे दिसतो.

एका दुपारी उरणकडची एक तरुण बाई तान्ह्या मुलीचा फोटो घेऊन आली. नवरा बोटीवर नोकरीला. तिथल्या मेलवर मोठा फोटो पोचतच नव्हता, तीनदा परत आला होता.

"त्यांना नेमकं काय बघायचंय?" दाजींनी विचारलं.

"पोरीचं तोंड," ती म्हणाली. "त्यांनी अजून बगितलीच नाय तिला, दादा."

दाजींनी समोरचा जेवणाचा डबा बाजूला सारला. फुलाफुलांची चादर पुसून सपाट केली, मच्छरदाणी कापली, मागचं कपाट घालवलं. मुलीच्या चेहऱ्याला मात्र हात लावला नाही. फोटो गेला. दोन दिवसांनी ती सुक्या कोलंबीची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, "ते बोलतात, नाक त्यांचे आयेचं हाय." दाजी शुद्ध शाकाहारी. तरी ती पिशवी आठवडाभर दुकानात टांगलेली होती, आणि कशाचा वास म्हणून कुणी विचारलं की ते सगळी हकिकत सांगत.

घरच्या फोटोंनाही त्यांनी हाच न्याय लावला. "दिसायला सारखेच, मग दोन-दोन कशाला सांभाळायचे?" म्हणत हलके केलेले ठेवायचे आणि मूळचे पुसून टाकायचे.

मग ताई आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली. तेराव्यासाठी तिचा मोठा फोटो हवा होता. दाजी स्वतःच दुकानात बसले, मी त्यांच्या मागे उभा होतो. पडद्यावर हसरी दिसणारी ताई, फोटो वाढवायला घेतला की चौकोनी ठिपक्यांत विस्कटून जायची. त्यांनी एकेक करून सगळे फोटो उघडून पाहिले. मीही माझ्याकडचे शोधले. ते सगळे दाजींनीच पाठवलेले होते.

"तिचे तरी मोठे ठेवायला हवे होते रे," ते हळू आवाजात म्हणाले.

शेवटी जेवढा स्वच्छ येतो तेवढाच छापायचा, असं त्यांनीच ठरवलं. तो निघाला तळहाताएवढा.

आता दुकान बंद झालं आहे. पनवेलच्या घरी बाहेरच्या खोलीत एवढ्या मोठ्या भिंतीवर ती एवढीशी फ्रेम आहे, आणि दाजींनी आपली खुर्ची फ्रेमकडे तोंड करून त्या भिंतीजवळ ओढून घेतली आहे. सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांना तिथून काही दिसत नाही. मी गेलो की चपला काढून आधी भिंतीपाशी जातो. अगदी जवळ उभं राहिलं की ताई स्पष्ट दिसते.