पटावर नसलेली मुलगी

आधी आमच्या शाळेतल्या पाणीवाल्या बायचे उपकार सांगते, मग माझी फजिती. आज इथे जबलपुरात, माहेरापासून इतक्या लांब, मी दुकानांच्या पाट्या वाचते ते तिच्यामुळे. अजून बोट ओळीखाली धरते, प्रत्येक ओळ दोनदा तपासते. न जाणो, काही निसटलं असेल.

पनवेलच्या शाळेत मी चौथीत होते. कविता, पाढे, सगळं ऐकून पाठ. पण पुस्तक उघडलं की अक्षरं टोपलीतल्या जिवंत चिंबोऱ्यांसारखी चहूकडे पळत. गुरुजींचं निदान ठरलेलं: आळस. औषधही ठरलेलं: छडी. मात्रा वाढत गेली, रोग काही हलला नाही.

मग वरून कागद आला. हुशार असून वाचता न येणारी मुलं असली तर कळवा, अलिबागहून खास शिकलेले मास्तर पाठवू. माझा जीव भांड्यात पडला. हेडमास्तरांचा मात्र टांगणीला लागला. "आपल्या शाळेत असली मुलं? लोक काय म्हणतील!" त्यांनी वळणदार अक्षरात उत्तर लिहिलं: निरंक.

शाळा तपासायला दिपोटी आले, तेव्हा रिवाजाप्रमाणे कच्ची मुलं गावात पांगवली. कुणी हारासाठी फुलं आणायला, कुणी शहाळी. मला बायच्या हाताखाली पाणी द्यायला ठेवलं.

"एकही कच्चं मूल नाही? शाबास!" दिपोटी म्हणाले.

तोच बाय पुढे झाली. "साएब, ही पोर सगला तोंडपाठ बोलते, पन वाचता येत नाय. तो मास्तर हिला द्या."

हेडमास्तर हसले. "ही शाळेतली नाहीच, साहेब. पाणीवालीची मदतनीस."

दिपोटी पाणी प्याले, शेरा लिहिला, गेले. हेडमास्तर खोटं बोलणारे नव्हते. त्याच संध्याकाळी त्यांनी माझं नाव पटावरून काढलं आणि बोललेलं खरं केलं. आठवड्याभरात बायच्या हाती एक कागद देऊन तिलाही काढलं.

"यात काय लिवलंय गं?" तिनं मला विचारलं. मला वाचता आलं नाही.

तिलाही येत नव्हतं. पण वर्षानुवर्षं दाराशी उभी राहून तिनं लहान मुलांना धुळीत अक्षरं गिरवताना पाहिलं होतं. भावाच्या मिठागरावर ती कामाला लागली, तिथे मला बोलावून सुपात जाड मीठ पसरायची. "बोटान काढ. बोटाला झोंबला का इसरत नाय." एकेका अक्षराला आठ-आठ दिवस. खास मास्तर तो म्हणजे बायच, फक्त तिला सरकारी हुकूम नव्हता.

जोडाक्षरांपर्यंत पोचायच्या आत माझं लग्न झालं. ती जोडाक्षरं इथे आल्यावर ताटात मीठ पसरून मीच गिरवली.

तो कागद तिनं डब्यात जपून ठेवलाय. बाय, एक दिवस येईन. तुझ्या शेजारी बसून तो वाचून दाखवीन, बोट ओळीखाली धरून, अडखळत का होईना, पण शेवटच्या सहीपर्यंत.