तिसरा आडोसा

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. घरात नाही, मित्रांत नाही. एकदा बांधावर एकटा बसून मोठ्याने म्हणून पाहिलं होतं, तेही अर्ध्यावर सोडलं. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही नाही.

मी जमीन मोजणीच्या खात्यात आहे. साखळी टाकायची, आकडा लिहायचा, पुन्हा तपासायचा. घरीही तसाच. आमच्या कडाव गावात लोक म्हणतात, याच्या तोंडून खोटं निघायचं नाही. हे ऐकायला मला बरं वाटायचं. अजूनही म्हणतात — अडचण तीच आहे.

येत्या पौषात चौदा वर्षं होतील. भात कापून झाल्यावर गावापासून दीड मैलावर, कर्जतच्या रस्त्याला, मोकळ्या खाचरांत तीन दिवसांचा शेतकरी मेळावा भरला होता. माझ्याकडे आडोशांचं काम आलं — म्हणजे चर खणून, बांबू रोवून, भोवती तरट बांधून केलेले तात्पुरते संडास आणि मुताऱ्या. दुसरं कोणी ते घ्यायला तयार नव्हतं. मी घेतलं, कारण त्यात गणित होतं. किती माणसं येतील, त्यांत बायका किती, एका खणाला किती वेळ. पुरुषांना बारा खण धरले, बायकांना पाच. हिला — म्हणजे माझ्या बायकोला — वाचता येत नाही, म्हणून मी आराखडा तिला तोंडी सांगितला. ती म्हणाली, "लुगडं सावरायला वेळ लागतो, तो कुठं धरलात?" मी पाचाचे आठ केले. मग तिने विचारलं, "आणि यमुना?"

यमुना कोण, ते सांगायला हवं. ती गावातच वाढली. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव मुलाचं होतं, ते इथे लिहीत नाही — तिने ते सोळा-सतराव्या वर्षी टाकलं आणि लुगडं नेसली. बापाने मारलं, आईने ठेवून घेतलं. भाताच्या लावणीला ती बायकांच्या ओळीत वाकायची. आणि रोज पहाटे बायका टमरेलं घेऊन ओढ्याकाठच्या झाडीत जायच्या, त्यांच्याबरोबर तीही जायची. आधी सगळ्याजणींची राखण करायची, मग स्वतः जायची. कोणी पुरुष चुकून त्या वाटेला आला, की तिचा आवाज अर्ध्या गावाला ऐकू यायचा — "कोन हाय रं तिकडं? डोळं घरी ठेवून ये!" बायका हसायच्या. तिने कुठे जायचं हा प्रश्न आमच्या गावात कधी पडलाच नव्हता. तो पडला मी पाट्या रंगवल्या तेव्हा. पुरुष. स्त्रिया.

म्हणून मी तिसरा आडोसा केला. रांगेच्या टोकाला एकच खण, जुन्या फळीचं दार, आतून कडी. पाटी मुद्दाम लावली नाही. ज्याला हवं त्याने जावं. आंधळ्या बापाला घेऊन मुलगी आली तर तिने कुठे जायचं? पांगळ्या मुलाला पाठीवर घेऊन आई आली तर? हे सगळं मी तेव्हा विचारात घेतलं होतं. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आदल्या दिवशी यमुनेला तो दाखवला. तिने कडी दोनदा लावून पाहिली. "माज्यासाठी?" म्हणाली. मग हसून, "दादा, घराला पण आतनं कडी नाय माज्या."

त्याच संध्याकाळी मेळाव्याच्या समितीचे अध्यक्ष पाहणीला आले. सगळे त्यांना तात्या म्हणत. मागे पंधरा-वीस माणसं. पाट्या वाचत वाचत ते टोकाला आले आणि थांबले. "इथं पाटी का नाही? हा कोणासाठी?"

काय अवघड होतं? ज्याला हवा त्याच्यासाठी — एवढंच म्हणायचं होतं. मागे कोणीतरी आधीच खोकून हसलं होतं. मी म्हणालो, "पाहुण्यांसाठी, तात्या."

तात्या खूष झाले. जिल्ह्याहून मोठे साहेब यायचे होते आणि त्यांची सोय कोणाला सुचली नव्हती. त्यांनी बाहेरून कोयंडा ठोकून घेतला, कुलूप लावलं, पुढे रांगोळी काढवली, आणि चारचौघांत माझी पाठ थोपटली.

इथपर्यंत भित्रेपणा होता. इथपर्यंतचं मी कदाचित कोणालातरी सांगितलंही असतं.

दुसऱ्या दिवशी ही आणि यमुना सकाळपासून स्वयंसेवकांच्या भाकऱ्या थापत होत्या. उन्हं डोक्यावर आल्यावर यमुना माझ्याकडे आली. हाताला पीठ तसंच.

"दादा, कुलूप हाय."

पाहुण्यांसाठी ठेवलंय, मी सांगितलं.

ती क्षणभर दाराकडे बघत राहिली. रागावली नाही. "बरं. मंग मी बायकांत जाते, वयनीला घेऊन."

बायकांच्या आडोशापुढे एकतीस जणी उभ्या होत्या — मी मोजल्या होत्या. बऱ्याचशा खोपोलीकडच्या, नेरळकडच्या, यमुनेला न ओळखणाऱ्या. वीस पावलांवर तात्या साहेबांशी बोलत होते. एखादी ओरडली तर? सगळे वळून बघतील, इथलं काम कोणाकडे आहे विचारतील. कोणी ओरडलं नव्हतं, हे लक्षात घ्या. कोणी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

मी म्हणालो, "नको. हीच मला म्हणाली — यमुनेला बायकांत पाठवू नका, आम्हाला अवघडतं."

"वयनी म्हनली?"

"हो."

तिने पदराला हात पुसले. "बरं," म्हणाली, आणि बांधावरून गावाच्या दिशेने चालू लागली. दीड मैल, सगळी कापलेली खाचरं, आडोशाला झुडूप नाही. सकाळपासून तिने पाणी प्यायलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

हिचंच नाव का घेतलं? — इतकी वर्षं मी इथेच येऊन थांबतो. तात्यांचं नाव घेतलं असतं तर यमुना हसली असती आणि सरळ आत गेली असती. समितीचं, सरकारचं, कोणाचंही नाव घेतलं असतं तरी गेली असती. एकाच माणसाच्या शब्दाला ती थांबणार होती, आणि ते माणूस चाळीस पावलांवर चुलीपुढे बसलेलं होतं. हे मला ठाऊक होतं. ते नाव घाईत तोंडातून निसटलं नाही. मी ते निवडलं.

संध्याकाळी ही म्हणाली, "न सांगता गेली बघा. पीठ परातीत तसंच. मी तिला माझ्यासंगं नेणारच होते, बायकांना सांगूनही ठेवलं होतं. कोण काय म्हणणार? तिनंच तर राखलंय आम्हाला." मी म्हणालो, दमली असेल.

साहेब चाळीस मिनिटं होते. तिसरा आडोसा तीन दिवसांत एकदाही उघडला गेला नाही. शेवटच्या दिवशी मीच दोर कापून तरटं गुंडाळली. आतली माती कोरडी होती.

त्यानंतर यमुना बायकांबरोबर ओढ्याकडे गेली नाही. एकटी जायची, खूप खालच्या अंगाला. आमच्या घरी येणं थांबलं. दिवाळीचा फराळ परत आला — पोट बरं नाय, असा निरोप. हिने आपलं काय चुकलं ते शोधून काढलं. त्या दिवशी भाकऱ्या थापताना तिने थट्टा केली होती, "यमे, तुझ्या भाकरीची कड केवढी जाड गं, लोकांचे दात पडतील." तेच लागलं असणार. ही तिच्या दारात जाऊन उभी राहिली, चुकले म्हणाली. यमुना अर्ध्या दाराआडून म्हणाली, "तुजा राग नाय मला, वयनी." तिने माझं वाक्य हिला कधीच सांगितलं नाही. हिला लाज वाटू नये म्हणून असेल का? मला तसंच वाटतं.

आई गेल्यावर यमुना शिळफाट्याला एका खानावळीत भांडी घासायला लागली. तिथे मला एकदाच भेटली. मी एस.टी. बदलत होतो. तिने ओळखलं, चहा आणून दिला, हिच्या गुडघ्याची चौकशी केली. मग भांड्याकडे बघतच म्हणाली, "मी नसते हो गेले त्यांच्यात. पन वयनीनं मलाच सांगायचं व्हतं. तुमच्याकडनं कशाला निरोप धाडला?"

गाडी सुटायला सहा मिनिटं होती. सहा मिनिटं पुरेशी असतात. मी कप ठेवला आणि गाडीत जाऊन बसलो.

या भाद्रपदात ती गेली. निरोप तिसऱ्या दिवशी पोचला. ही म्हणाली, "एका भाकरीवरून." एवढंच. त्या मेळाव्यापासून हिने कोणाच्या हाताला नाव ठेवलेलं मी ऐकलेलं नाही. सून आमटी खारट करते, ही मुकाट्याने खाते. सुनेला वाटतं, सासू स्वभावानेच गरीब आहे.

मोजणीच्या वहीत चूक सापडली तर आम्ही जुना आकडा खरवडून काढत नाही. तो वाचता येईल अशी त्यावर एक रेघ मारतो, बाजूला खरा आकडा लिहितो आणि खाली सही करतो. तर — "हीच मला म्हणाली" या शब्दांवर रेघ. ही तसं म्हणाली नव्हती. त्या एकतीस जणींपैकी कोणीही म्हणालं नव्हतं. मी म्हणालो होतो.

यमुनेला हे सांगायची वेळ मी घालवली. हिला मी हे रविवारी वाचून दाखवणार आहे, सून माहेरी गेली असेल तेव्हा. ती काय म्हणेल याचा अंदाज धरलेला नाही.