फाळक्यावरचे मोर

माझ्या छंदाला आमच्या गल्लीत एकच नाव आहे: खेळणी. मी महाडच्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात केमिस्ट आहे, वय चाळिशी ओलांडलेलं, आणि सुट्टीच्या दिवशी तळहातावर मावतील अशा गाड्या बनवून रंगवत बसतो. बायको पाहुण्यांना सांगते, "त्यांना दुसरं व्यसन नाही." हे कौतुक की तक्रार, ते मी अजून विचारलेलं नाही.

खेळणी हे नाव ठेवलं समोरच्या चाचांनी. चाचा जुने ट्रान्सपोर्टवाले. आता धंदा त्यांची मुलं बघतात आणि चाचा मला बघतात. येता-जाता खिडकीत डोकं घालून विचारायचे, "काय रे, कुठवर आली तुझी खेळनी?" त्यांचा पहिला ट्रक पोलादपूरचा घाट चढून-उतरून म्हातारा झाला आणि भंगारात गेला, त्या दिवशी ते जेवले नव्हते म्हणे. मी ठरवलं, ह्या माणसाला त्याचाच ट्रक करून दाखवायचा आणि ही खेळणी नाही, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. खरं सांगतो, ह्यात प्रेम थोडं आणि खुन्नस जास्त होती.

ट्रक मनासारखा झाला. अडलं फाळक्यावर, म्हणजे ट्रकच्या मागच्या फळीवर. तिथे पांढऱ्या पट्ट्यात दोन मोर होते आणि मध्ये गुलाब, नाते गावच्या पेंटरनं काढलेले. चाचांच्या घरच्या एका लग्नाच्या फोटोत वऱ्हाडामागे तो फाळका सापडला. डावा मोर उजव्यापेक्षा चांगलाच जाड होता. मी कॉम्प्युटरवर दोघांना सारखं केलं, तर चाचा खिडकीतून भडकले.

"डावा जाडाच हाय! त्याला कशाला बारीक करतोस? पेंटरनं तो जेवून आल्यावर काढला व्हता."

मी डावा मोर पुन्हा जाड केला. पण नखाएवढा मोर ब्रशनं काढायचा माझा हात नाही. त्यावर उपाय म्हणजे डेकल. लहानपणी बबलगमबरोबर मिळायचं आणि पाणी लावलं की हातावर उठायचं, तसंच चित्र. फक्त खास कागदावर घरीच छापायचं, पाण्यात भिजवायचं आणि वरचा पापुद्रा गाडीवर सरकवायचा. वाचायला फार सोपं आहे.

पहिल्यांदा छापल्यावर वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारायचं राहिलं. कागद पाण्यात टाकला आणि मोर माझ्या डोळ्यांदेखत विरघळले. वाटीभर हिरवं-निळं पाणी उरलं. वाटी बायकोची होती, त्यामुळे तो विषय बराच वेळ चालला.

दुसऱ्यांदा लॅकर मारलं. मोर शाबूत राहिले, पण फाळक्यावरच्या रिबिटांच्या टेंगळांवर पापुद्रा बसेना. भाजलेल्या पापडासारखा ताठ उभा राहिला. इंटरनेटवर कुणी लिहिलं होतं, व्हिनेगर लावा, पापुद्रा मऊ पडतो. आमच्या घरात व्हिनेगर कुठलं? आंबट म्हटलं की आगळ, कोकमाचं. मी विचार केला, आम्ल ते आम्ल. दिवसभर लॅबमध्ये आम्लं मोजणाऱ्या माणसाचा हा विचार होता, हे लक्षात घ्या. ब्रश आगळात बुडवला आणि मोरांवर फिरवला.

पापुद्रा मऊ पडला. रिबिटांवर असा चापून बसला की मी स्वतःवरच खूश झालो. मग बघतो तर पांढऱ्या पट्ट्यावर लाली पसरत होती. रिबिटांभोवती, फटीत, मोरांच्या पायांशी, सगळीकडे कोकम. पुसावं तर ओला पापुद्रा फाटणार. बायको मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आगळाची सोलकढी करतात हो. मोर करत नाहीत."

मला रडू यायचं बाकी होतं. हे वाळलं की सगळं खरवडून नव्यानं करू असं ठरवतो आहे तोच चाचा दारातून सरळ आत आले आणि मी लपवायच्या आत त्यांनी ट्रक उचलला. मी घाईनं म्हटलं, "चाचा, थांबा, ते डाग..."

चाचांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी ट्रक फिरवून फाळका डोळ्यांजवळ नेला. आता खेळणी म्हणणार, मी मनात म्हटलं, आणि ह्या खेपेला ते बरोबरच असणार.

"घाट उतरलं का लाल फुफाटा असाच बसायचा," ते हळूच म्हणाले. "पयला रिबिटांच्या भवती. मग पायांशी." बोलता बोलता त्यांनी खांद्यावरचा रुमाल ओढला, फाळक्यावर तोंडानं हा करून वाफ सोडली आणि अंगठ्यानं रुमाल दाबून एक सफाईदार हात मारला.

डावा मोर जसाच्या तसा रुमालावर आला.

बायकोनं तोंडाला पदर लावला. माझा मोर गेला आणि त्याच वेळी मला असा काही आनंद झाला की मी खुर्चीतच बसून राहिलो. चाचा रुमालावरच्या मोराकडे बघत होते, मग ट्रककडे, मग माझ्याकडे. एवढा ओशाळलेला माणूस मी आमच्या गल्लीत पाहिलेला नाही.

"धूळ व्हती रे गाडीवर," ते म्हणाले.