इंजिनाचं अभ्यंगस्नान

सर्व संबंधितांना, म्हणजे गिरीजमधल्या आमच्या वाडीतली माणसं, कोंबड्या आणि कुंपणापलीकडचे शेजारी यांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात आलं की येत्या रविवारी दुपारच्या आत आमची जुनी मोटार एकतर बोलेल, नाहीतर कापली जाईल. ही घोषणा माझ्या वडिलांनी ओटीवर उभं राहून केली. उभं राहून अशासाठी, की त्या आठवड्यात त्यांना बसणं जमतच नव्हतं.

मोटार पांढरी, चौकोनी, पुढून हँडल घालून फिरवायची सोय असलेली. तिच्या टपावरून बाबांनी केळीचे घड वाहिले, मागच्या सीटवरून आम्हा भावंडांना वाहिलं, आणि एकदा डिकीतून एक जिवंत बोकडही. मग त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, गाडी शेडमध्ये लागली आणि वर्षानुवर्षं लागलेलीच राहिली. इकडे माझी नवी गाडी जागेअभावी माडाखाली उभी असे. गेल्या पावसाळ्यात तिच्या बॉनेटवर एक शहाळं पडलं, तेव्हा मी शेड मागितली.

चंदनसारला एक गृहस्थ लग्नांना जुन्या गाड्या भाड्याने देतो. मी त्याला फोन केला. "काका, रविवारी दुपारी येतो. इंजिनाचा आवाज ऐकवा, त्याच दिवशी नेतो," तो म्हणाला. "आवाज नसेल तर मला कशाला बोलावता? भंगारवाल्याला बोलवा, तो जागेवर कापून नेईल."

फोन स्पीकरवर होता. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"नवरानवरी बसणार असतील तर जाऊ दे तिला," ते म्हणाले. "नाहीच चालू झाली तर तुझा तो कापणारा बोलाव. मी अडवणार नाही. फक्त त्या दिवशी मी घरात नसेन."

"कुठे जाणार?"

"चालत सुटेन. कुठेही."

माणूस ऐंशीच्या घरातला. मला शेड हवी होती हे खरं, पण अशी नको होती. म्हणून मी रजा टाकली आणि मोटारीच्या पोटात शिरलो.

टाकीतलं पेट्रोल काढलं. ते आता पेट्रोल राहिलं नव्हतं, व्हार्निश झालं होतं. फर्निचरला दोन हात मारता आले असते. टाकी धुतली, कार्ब्युरेटर उघडून त्यातला चिकटा साफ केला, नवी बॅटरी बसवली आणि चावी फिरवली. टक्क. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्क. पुढून हँडल घातलं आणि अंगातला सगळा जोर लावला. हँडल हललं नाही. माझी कंबर मात्र हलली.

बाबा शेडच्या दारात. आत यायचे, बाहेर जायचे, पुन्हा आत यायचे. "झालं काय?" हा प्रश्न ते इतक्या वेळा विचारत होते की कोंबड्यासुद्धा मला त्याच नजरेने पाहू लागल्या.

अशा वेळी कुंपणावरून शेजारी अवतरले. ते उभं आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये काढून निवृत्त झालेले, आणि घरापेक्षा लहान इंजिनाला ते इंजिन मानत नाहीत. बाबा त्यांना 'कप्तान' म्हणतात. इंजिनरूमच्या माणसाला कप्तान म्हटलेलं अजिबात आवडत नाही, म्हणूनच म्हणतात.

"पिस्टन धरलेत," त्यांनी लांबूनच निकाल दिला. "प्लग काढ, भोकांतून तेल सोड आणि रात्रभर राहू दे. बोटीवर होतो तेव्हा आम्ही बादल्यांनी ओतायचो."

"तुमची बोट बुडाली का नाही मग, कप्तान?" बाबा म्हणाले.

"बुडाली नाही म्हणून तर तुम्ही मला रोज बघता, भाऊ."

मी तेल आणायला स्टेशनकडे निघालो, तर बाबांनी फाटकातच अडवलं. आणि इथे आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. ज्याच्या वाडीत माड आहेत तो काही विकत आणतो हेच मुळी कमीपणाचं. झाडू झावळीचा, दोरी काथ्याची, चुलीला करवंट्या, आणि भाजल्यापासून गुडघ्यापर्यंत प्रत्येक दुखण्याला घरचं खोबरेल.

"घरात डबा भरून तेल आहे," बाबा म्हणाले. "आपल्या झाडांचं, काल-परवाच घाण्यावरून आणलेलं. त्यात भेसळ नाही. बाजारच्या तेलाचा काय भरवसा?"

मी शिकलेला माणूस. मला वाटलं, तेल ते तेल. शिवाय बाबांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी थोडी रंगत आली होती. ते स्वतः वाटी धरून उभे राहिले आणि मी चारही भोकांत खोबरेल सोडलं. शेडमध्ये डोकं माखून घेतल्यासारखा वास पसरला.

जानेवारी महिना होता, हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

रविवारी सकाळी बाबा माझ्या आधी शेडमध्ये. मी पोचलो तेव्हा ते वाकून प्लगच्या भोकात टॉर्च मारत होते. "अरे, हे पांढरं काय?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. थंडीत आमच्या न्हाणीघरातली तेलाची बाटली गोठते, तसं इंजिनही गोठलं होतं. चारही पिस्टनांवर शुद्ध, भेसळ नसलेली साय धरली होती.

शेजारी चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला निघाले होते, पांढराशुभ्र शर्ट घालून. ते कुंपणाशी थांबले. आम्ही काय केलं ते मी सांगितलं.

"सातही समुद्र फिरलो," ते म्हणाले, "पण इंजिनाची चंपी केलेली कुठे पाहिली नाही."

"पुढे काय करायचं ते बोला," बाबा म्हणाले.

"करायचं काय? माखलंय ना, आता न्हाऊ घाला."

आणि आम्ही खरोखर तेच केलं. आईने परसातल्या चुलीवर आंघोळीचं मोठं पातेलं ठेवलंच होतं. मी कढत पाणी रेडिएटरमध्ये ओततोय, खालून गार झालेलं सोडतोय, पुन्हा ओततोय. बाबा घमेलं घेऊन चुलीपासून शेडपर्यंत खेपा घालतायत आणि बायको ओरडतेय, "अहो, बाबांना कशाला पळवता?" मी पळवत नव्हतो. त्यांना थांबवायची कोणाची छाती नव्हती.

इंजिन हाताला ऊन लागू लागलं. मी हँडल धरलं, जोर लावला आणि आत कुठेतरी काहीतरी सुटलं. हँडल फिरलं. मी आनंदाने दणादण फिरवू लागलो. प्लगची भोकं उघडी आहेत हे विसरलो, आणि चारही भोकांतून खोबरेलाची कारंजी उडाली. एक माझ्या कपाळावर, एक शेडच्या पत्र्यावर आणि उरलेली, बघायला शेडच्या दारापर्यंत आलेल्या शेजाऱ्यांच्या मिस्सेच्या शर्टावर. शेजाऱ्यांनी स्वतःकडे पाहिलं, बाह्या दुमडल्या आणि आत आले. "आता देवळात वासाने सगळे मागे वळून बघतील. द्या तो पाना."

पॉइंट घासले, प्लग पुसून लावले, ठिणगी पाहिली. ठिणगी होती. चावी फिरवली. इंजिन खाकरलं, थरथरलं, दोन उसासे टाकले आणि बंद पडलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. प्रत्येक खाकरण्यासरशी बाबा एक पाऊल पुढे यायचे आणि बंद पडलं की तिथेच उभे राहायचे. तेवढ्यात माझा फोन वाजला. चंदनसारचा माणूस रिक्षात बसला होता.

"चालू होतंय, मग मरतंय," शेजारी पुटपुटले. ते मागे गेले आणि धुराच्या नळीपाशी हात धरला. "फिरव." मी फिरवली. "वाराच नाही. श्वास आत जातोय, बाहेर येत नाही."

आई रिकामं पातेलं न्यायला आली होती. ती म्हणाली, "त्या नळीत ना? मीच नारळाची सोडणं कोंबलीत. उंदीर शिरायचे."

"कधी?" मी विचारलं.

"गाडी लावली त्याच आठवड्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं?"

सोडणं घट्ट बसली होती. कोयत्याने कोरून, लोखंडी सळईने ढकलून ती काढेपर्यंत रिक्षा फाटकाशी आली. बाबा तोवर ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले होते. रेस द्यायला कोणीतरी हवंच, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चावी फिरवली. इंजिन खाकरलं, अडखळलं, आणि मग शेडचा पत्रा हादरेल अशा आवाजात बोलू लागलं. मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि सगळ्या वाडीत चकल्या तळल्याचा वास सुटला.

बाबांचा एक पाय ॲक्सिलरेटरवर होता आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. आठवडाभरात पहिल्यांदाच हा माणूस एका जागी बसला होता.

चंदनसारच्या गृहस्थाने गाडीला एक फेरी मारली, बॉनेटवर कान ठेवला आणि खूश झाला. "काका, आवाज एक नंबर. घेतली समजा. बाबांना जरा उतरायला सांगा, मी एक राउंड मारून बघतो."

मी खिडकीशी गेलो. बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी आरसा सारखा केला, धोतराचा सोगा पायांतून सोडवला आणि हात मागे नेऊन मागच्या दाराची कडी उघडली. ब्रेक आम्ही अजून तपासलेले नाहीत, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी गिअर टाकलेलाही होता. आणि गिऱ्हाइकाकडे वळून ते इंजिनापेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले,

"मागे बसा. कुठे सोडू?"