शुद्ध करून दिलेली साक्ष

माझ्या हाताखाली पीएच.डी. करणारी एक मुलगी खुर्सीपार या कामगार वस्तीतली होती. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि प्रबंधही हिंदीतच. विषय तिनं स्वतः निवडला होता: छोट्या कारखान्यांत अपघातानं गेलेल्या ठेकेदारी मजुरांच्या बायका. आमच्या कॉलेजातले एक सहकारी मला म्हणाले, "मॅडम, पोरांना काहीतरी आनंदाचं द्या हो." आनंदाचं काय ते तुम्हीच सुचवा म्हटलं, तर ते चहा प्यायला निघून गेले.

तिची पहिली मुलाखत तिच्याच गल्लीतल्या एका विधवेची. बाई माझ्याच वयाची, माहेर भंडाऱ्याकडचं. नवरा जवळच्याच हथखोजच्या एका कारखान्यात, वजन उचलायची साखळी तुटून त्या वजनाखाली चिरडून मेला. त्याचीच चूक होती, असं तेव्हा कारखान्यानं सगळ्यांना सांगून टाकलं. ते खोटं आहे, एवढं कुठेतरी लिहिलं जावं, इतकीच त्या बाईची इच्छा होती. त्यासाठीच ती बोलायला तयार झाली होती.

मुलगी रेकॉर्डिंग घेऊन माझ्या घरी आली आणि आम्ही दोघींनी ते ओट्याशी उभं राहून ऐकलं. बाई रडत नव्हती, भांडत होती. "त्यानं सांगतलं होतं, साखळीची कडी फाकली हाय म्हणून. सुपरवायझर म्हणे, आजचा दिवस चालव. कावून चालव? माणूस हाय का बैल हाय? मारलं त्याइनं माह्या माणसाले. तू लिहून घे, मारलं म्हणून." गॅसवरचं दूध उतू गेलं तरी आम्ही हललो नाही. मी मुलीला बजावलं, हे असंच्या असं जायला हवं. यातला एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.

पुढे तिचं प्रबंधाआधीचं सादरीकरण पार पडलं. पदवी अजून लांब होती, पण वस्तीला कुठला धीर? रविवारी विहारात सत्कार ठेवला. पाहुणी म्हणून मला बोलावलं. मुलीच्या हातात प्रबंधाची ताजी बांधलेली प्रत होती; माझ्याकडे यायच्या आधी ती प्रत विहारात पोचली होती. कोणीतरी म्हणालं, आमच्याबद्दल काय लिहिलं ते वाच. तिनं त्या बाईचंच पान काढलं. बाई पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती.

"मेरे पति की मृत्यु सुरक्षा नियमों के प्रति जागरूकता के अभाव के कारण हुई. इस घटना ने मुझे आत्मनिर्भर बनना सिखाया."

मला वाटलं, पान चुकलं असेल. पान बरोबर होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या बाईनंही वाजवल्या.

बाहेर चपला घालता घालता मी मुलीला धरलं. तिचा चेहरा पडला. "मॅडम, मी रेकॉर्डिंग देऊन फकस्त शुद्ध हिंदी करून मागितली एआयला. प्रबंधाला शोभंल अशी. मले वाटलं, मतलब तोच असन."

"ताडून पाहिलंस?"

"नाई."

"रेकॉर्डिंग?"

"मोबाइल भरून गेला होता. लिहून झालं म्हणून डिलीट केलं."

मी कपाळाला हात लावला. ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर ओरडणार? ही पोरगी लबाड नव्हती. घरचं बोलणं बाहेर दाखवायची तिला लाज वाटत होती, आणि ती लाज आम्ही शिकवणाऱ्यांनीच वर्षानुवर्षं तिच्यात भरली होती. एआयचंही त्या बाईशी काही वैर नव्हतं. मजूर मेला की जागरूकता कमी होती, असं त्यानं बहुतेक हजार अहवालांत वाचलं असणार; त्यानं आमच्या माणसालाही त्याच रांगेत नेऊन बसवलं.

मूळ शब्द मला तोंडपाठ होते. पण मार्गदर्शकाची आठवण हा पुरावा धरत नाहीत. हे मीच दर वर्षी वर्गात घसा कोरडा करून सांगते. म्हणून म्हटलं, पुन्हा जाऊ, पुन्हा विचारू, या वेळी मी सोबत येते.

गेलो. बाईनं जयभीम केला, खुर्च्या पुसून दिल्या. त्या पानाची झेरॉक्स तिनं मुलीकडून मागून घेतली होती आणि प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावली होती. मुलीनं मोबाइल सुरू केला तशी बाई पाठ ताठ करून बसली आणि सावकाश हिंदीत बोलू लागली. जागरूकता की कमी थी. आत्मनिर्भर बनना पड़ा.

मला राहवलं नाही. "ताई, त्या वेळी तुम्ही साखळीचं सांगितलं होतं. सुपरवायझरचं."

"ते रागाचं बोलणं होतं, मॅडम. अडाणी बाई मी. पुस्तकात त बराबर लिहून हाय."

"ते पुस्तकातलं चुकीचं आहे. मशीननं बदललंय."

ती माझ्याकडे जरा कीव आल्यासारखी बघू लागली. "पुस्तक कावून खोटं लिहीन? तुमीच त शिकवता न पुस्तकं? इतके वर्स मी त्या सुपरवायझरले उगाच शिव्या देत राहिली. माह्या माणसाचंच ध्यान नसन त्या दिवशी."

आमच्या घरात छापील कागदाला पाय लागला तर माझे वडील तो उचलून कपाळाला लावत. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. पुस्तकानंच आपल्याला माणसांत आणलं, हे आमच्या वस्तीत लहान पोरांनाही पढवावं लागत नाही. कारखान्यानं सांगितलेलं खोटं ही बाई इतकी वर्षं मानायला तयार नव्हती. तेच खोटं आमच्या पुस्तकानं सांगितलं आणि तिनं एका रविवारी मानलं.

मी पुन्हा समजावलं, मुलीनं रडत समजावलं. बाईनं आम्हा दोघींना पाणी दिलं.

शेवटी तिनं संमतीपत्रावर सही केली. आता मुलाखत नियमाला धरून अगदी पक्की होती. आवाज होता, सही होती, मार्गदर्शक समोर हजर होती. मुलाखत काढून टाकली तर त्या बाईचा नवरा प्रबंधात कुठेच उरत नव्हता, आणि ठेवली तर स्वतःच्या चुकीनं मेलेला म्हणून उरत होता. खोट्याला पुरावा नव्हता, तो मीच जाऊन गोळा करून आणला.

निघताना बाई दारापर्यंत आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला हळूच विचारलं, "या टायमाले बराबर बोलली न मी?"

मी हो म्हणाले.