वर्ना आत्याला मोटर लागली

शनिवारी सकाळी मी पिवळं जाकीट घालून डोंगरमाथ्यावर उभी राहते आणि इलेक्ट्रिक सायकलवाल्यांना परत पाठवते. हे काम माझ्यावर कुणी लादलेलं नाही, मी ते हट्टानं मागून घेतलंय. आमच्या सायकल क्लबाच्या बैठकीत 'वर कोण उभं राहील?' असा प्रश्न आला तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले आणि मी हात वर केला. वर एक छोटं भाषणही ठोकलं. डोंगर पायांनी कमवावा लागतो, बटणानं नाही, वगैरे. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही: उभं राहायचं ते माथ्यावर, आणि तिथवर मलाही सायकलनंच जावं लागणार.

आणि चढावर मी वाईट आहे. किती वाईट? मागच्या उन्हाळ्यात एक कुत्रा मला मागे टाकून गेला. म्हातारा होता आणि लंगडत होता. त्याच्या मालकिणीनं जाता जाता मला पाणी विचारलं, त्याला नाही.

माझ्या भाषणातले पाय माझे नव्हतेच. ते वर्ना आत्याचे होते.

वर्ना आत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. आमच्या गावच्या शाळेची बस तिनं इतकी वर्षं चालवली, की आज गावातले बँकवाले, बेकरीवाले, पोलीस असे सगळे कधी ना कधी तिच्या आरशात दिसलेले आहेत. अजूनही ती हॉटेलात शिरली की चांगलं टक्कल पडलेली माणसं पाय खाली घेऊन सरळ बसतात. सकाळची फेरी संपली की दुपारच्या फेरीपर्यंतच्या वेळात ती फावडं घेऊन डोंगरावर जायची. एकटी. देवदारांच्या मुळांमधून, दगडांना वळसे देत, तिनं माथ्यापासून नदीपर्यंत एक सायकलवाट खणून काढली. नाव ठेवलं 'गप्प बसा'. बसमध्ये दिवसभर ओरडायची तेच.

वाट चांगली झाल्याची बातमी पसरली तशी मोटरसायकलवाली पोरं यायला लागली. एका वसंतात त्यांनी सगळ्या वळणांचा लगदा केला. आत्यानं एक फळी घेतली, रंगाचा डबा घेतला आणि माथ्यावर पाटी ठोकली: 'मोटरला बंदी. हो, तुम्हालासुद्धा.' पुढे क्लब निघाला तेव्हा क्लबानं तीच ओळ नियम म्हणून जशीच्या तशी उचलली. मी जे शनिवारी लोकांना ऐकवते ते मूळचं आत्याचं आहे. माझं फक्त जाकीट.

ह्या वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांनी आत्याची छाती उघडून हृदयाची एक झडप बदलली. घरी सोडताना म्हणाले, सायकल चालवा, पण धाप लागता कामा नये. आमच्या डोंगरावर धाप न लागता सायकल चालवायची म्हणजे अंग न भिजवता पोहायचं.

जुलैत मी तिच्या गॅरेजमध्ये गेले तर तिथे एक जाडजूड सायकल उभी.

"हे काय आहे?"

"डोळे तपासून घे. सायकल आहे."

"आत्या, हिला बॅटरी आहे!"

"उद्या मलाही बसवतील. दोघींचं जमेल मग."

"पण ती पाटी तूच लिहिलीस ना?"

"लिहिली तेव्हा चाळिशीची होते, ब्रिन. तेव्हा मला वाटायचं, हृदय म्हणजे शुभेच्छापत्रावर काढतात ते लाल बदाम."

डोंगरावर लाकूडतोडीच्या ट्रकांचा जुना रस्ता आहे. त्यावर मोटरला बंदी नाही, काहीही न्या. आत्या उन्हाळाभर त्या रस्त्यानं वर गेली आणि त्याच रस्त्यानं खाली आली. माथ्यावर स्वतःच्या पाटीपाशी थांबायची, पाणी प्यायची, वळायची. "ताटावर बसायचं आणि मीठ चाटून उठायचं," असं एकदा म्हणाली. तक्रार म्हणून नाही, हवामान सांगावं तशी.

ही गोष्ट आमच्या क्लबाच्या अध्यक्षाच्या, ग्रेडन पाइकच्या, जिवाला लागली. ग्रेडन पन्नाशीचा, दारातून वाकून आत येणारा माणूस. लहानपणी तो बसच्या खिडकीतून संत्र्याची सालं फेकायचा, म्हणून आत्यानं त्याला महिनाभर आपल्या मागच्या सीटवर बसवून आणला होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बेकरीत आम्ही बटर टार्ट खात बसलो असताना तो टोपी हातात घेऊन आला.

"वर्नाबाई, तुम्ही उतरा हो त्या वाटेनं. तुमचीच वाट आहे. कोण अडवणार तुम्हाला?"

"ही अडवेल." आत्यानं माझ्याकडे बोट केलं.

मी मान हलवली, पण होय की नाही हे माझं मलाच ठरवता आलं नाही.

"हिला मी सांगतो. तुमच्यापुरता अपवाद करू."

"पाटीवर काय लिहिलंय, ग्रेडन?"

"मोटरला बंदी."

"आणि पुढे?"

ग्रेडननं टोपी पिळली. "हो, तुम्हालासुद्धा."

"मग? किती पोरांना मी तिथून परत पाठवलंय, मोटरसायकली ढकलत. एक तर रडला होता. आता त्यांची पोरं माझ्याकडे बघून काय म्हणतील? म्हातारीला स्वतःचं लिहिलेलं वाचता येत नाही?"

"कुणी काही म्हणणार नाही, बाई."

"मी म्हणेन. कॉफी घे तुझी आणि खाली बस."

ग्रेडन बसला. आत्यानं विषय बदलला. पण खिडकीतून डोंगर दिसत होता, लार्चची झाडं पिवळी धमक झाली होती, आणि तिचं लक्ष तिकडेच. गाडीत बसल्यावर किल्ली न फिरवताच ती म्हणाली, "बर्फ पडायच्या आत एकदा उतरायचंय मला त्या वाटेनं. एकदाच. पुढच्या वर्षीचं मी डॉक्टरांना विचारलं नाही, आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही."

मी डोंगराच्या पावित्र्यावर भाषणं देणारी बाई. मी नुसता सीटबेल्ट लावला.

पुढच्या शनिवारी मी रस्त्यानं वर चालले होते, जाकीट घामानं पाठीला चिकटलेलं, तेवढ्यात मागून मोटरची बारीक गुणगुण आली. आत्या माझ्या शेजारी आली, वेग कमी केला आणि गप्पा मारायच्या तयारीनं चालवायला लागली. एका हातात सँडविच.

"बोल, काय म्हणतेस?"

"श्वास… नाही…"

"बरं, मग मी बोलते." आणि बोलली. शेजारणीचं मांजर, बाबांचा गुडघा, सँडविचमधली मोहरी तिखट आहे ते. मध्येच माझ्या मागच्या चाकाकडे बघून म्हणाली, "हवा कमी आहे का गं? नाही? मग तूच अशी चालवतेस."

माथ्यावर ग्रेडन होता. वाटेच्या तोंडाशी वाऱ्यानं एक झाड आडवं पडलं होतं, ते तो यंत्राच्या करवतीनं कापत होता. आत्या सायकलवरून उतरली. खिशातून किल्ली काढली, सायकलच्या दांड्यातली खाच उघडली आणि बॅटरी खेचून बाहेर काढली. पावाच्या लादीएवढी, काळी. ती तिनं आपल्याच पाटीखाली ठेवली.

"आता सांगा," ती आम्हा दोघांना म्हणाली, "ही मोटरची सायकल आहे का?"

मी नियमवाली. मला बोलणं भाग होतं. "मोटर आत आहे, आत्या. फक्त वीज नाही."

"माझी बस शाळेमागे गवतात उभी आहे, तिला इंजिन आहे. कुठे जाते का ती?"

"तसं नाही, पण…"

"ग्रेडन, तुझ्या हातात काय आहे?"

ग्रेडननं हातातली करवत पाठीमागे लपवली. इतकी मोठी करवत, इतका मोठा माणूस. "करवत, बाई."

"मोटरची?"

"हो, बाई."

"वाटेवर आणलीस?"

"झाड पडलं होतं, बाई."

ग्रेडन विचारात पडला. त्यानं बॅटरीकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, मग अध्यक्षाला शोभेल अशा आवाजात म्हणाला, "बॅटरी सायकलवर नसेल तर ती पायडलचीच सायकल. जड आहे, हा तिचा दोष. अपवाद नाही, सगळ्यांना हेच."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग ठीक आहे," आत्या म्हणाली.

"पण बॅटरी इथे टाकून कशी जाणार?" मी विचारलं. "पाऊस येईल. अस्वल चावेल."

आत्याच्या छातीवरून अजून पिशवीचा पट्टा जाऊ द्यायचा नव्हता. ग्रेडनला अर्धं झाड कापायचं होतं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले, बैठकीत सगळे बुटांकडे बघत होते त्याच्या बरोबर उलट.

अशा रीतीनं, पिवळं जाकीट घातलेली, मोटरची शत्रू, मी, मोटरची बॅटरी पाठीवर घेऊन 'गप्प बसा' उतरायला लागले.

पहिल्याच वळणावर पाठीवरचं वजन एकीकडे गेलं, मी दुसरीकडे गेले, आणि दोघंही नेच्यांच्या झुडपात पडलो. वरून, म्हणजे खरं तर पुढून, आत्याचा आवाज आला.

"ठीक आहे ना?"

"हो, कोपर जरा खरचटलं."

"तू नाही गं. बॅटरी."

मधल्या टप्प्यात एक चढ आहे. लहानच, पण उभा. उतरणीच्या मधोमध चढ कशाला, असं प्रत्येक नवखा विचारतो. पूर्वी आत्या त्याच्यावरून बोलता बोलता जायची. आज बॅटरीशिवायची ती अवजड सायकल चढाच्या पायथ्याशीच थांबली. आत्यानं पाय टेकला.

"हा चढ कुणी ठेवला गं इथे?"

"तू."

"अक्कल नव्हती बाईला. खणून काढायचा कंटाळा, दुसरं काय. वर लोकांना सांगायची, पोरांच्या पायांना सवय हवी."

तिच्या मनगटावरचं घड्याळ वाजायला लागलं. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आकड्याच्या वर ठोके गेले की ते वाजतं. ती ओंडक्यावर बसली. ओठांचा रंग मला आवडला नाही. मी पिशवी उघडली आणि बॅटरी काढून तिच्यापुढे धरली.

"लाव. एवढ्या चढापुरती. कोण बघतंय इथे?"

"मी बघतेय."

"आत्या, प्लीज."

"आणि ते जाकीट कुणी घातलंय?"

बॅटरी परत पिशवीत गेली. आम्ही बसून राहिलो. घड्याळ वाजायचं थांबलं, तिच्या गालांवर रंग आला, तरी मी तिला उठू देईना. मग मी तिची सायकल ढकलायला घेतली. बंद पडलेली इलेक्ट्रिक सायकल चढावर ढकलणं म्हणजे फ्रिजला चाकं लावून जिन्यानं नेणं. आत्या मागून अगदी सावकाश, प्रत्येक झाडाला हात टेकत, सूचना देत चालत होती.

"डावीकडून घे. मूळ आहे."

"दिसलं."

"मूळ आहे म्हटलं!"

"दिसलं, दिसलं!"

"दिसलं तर आपटलीस कशाला? आणि हा आवाज कसला येतोय?"

"माझा… श्वास…"

"असं होय. क्लच गेला तेव्हा बस असा आवाज करायची."

तिची सायकल वर नेली, खाली आले, माझी वर नेली. बॅटरी दोन्ही खेपांना पाठीवर होती. ती मधल्या वेळात काढून ठेवता आली असती, हे मला वर पोचल्यावर सुचलं. उन्हाळाभर ज्यांना मी हसून परत पाठवलं, ते सगळे सायकलवाले तेव्हा त्या देवदारांच्या आड उभे राहून मला बघत असते, तर माझं काही म्हणणं नव्हतं.

शेवटचा उतार नदीकडे जातो. आत्या पायडलांवर उभी राहिली, कोपरं बाहेर, टाचा खाली, आणि सायकल सोडून दिली. मी मागे होते, मला फक्त तिची पाठ दिसत होती. प्रत्येक वळणाला ती वळणाच्या आधीच झुकत होती, कारण ते वळण तिनं गुडघ्यांवर बसून थापलं होतं. मी किंचाळले की ती ओरडली, नक्की सांगता येणार नाही. बहुतेक मी.

नदीकाठी ती थांबली. गळ्यावर दोन बोटं ठेवून उभी राहिली.

"किती?"

"बोलू नकोस, मोजतेय." बऱ्याच वेळानं तिनं बोटं काढली. "बरं आहे."

मी पिशवी उतरवून बॅटरी तिच्या हातात दिली. बॅटरी खटकन जागेवर बसली, हॅन्डलजवळचा दिवा लागला. आत्या वाटेकडे बघत होती, आपण आलो त्या बाजूला.

"झालं ना मनासारखं?" मी विचारलं.

"कुठलं! नेच्यांपाशी पाणी साचतंय, चर काढायला हवा. ग्रेडनला सांग. आणि मी ब्रेक फार दाबले. हे काय उतरणं झालं?"

"एकदाच उतरायचंय म्हणाली होतीस."

"ते उतरायच्या आधी म्हणाले होते."

"म्हणजे परत? कधी?"

"उद्या. बर्फाचं काही सांगता येत नाही."

"आत्या, माझी पाठ बघ. सोलून निघालीय."

तिनं जाकीट वर करून, चष्मा लावून, माझी पाठ नीट बघितली.

"लागलंय खरं," ती म्हणाली. "उद्या मध्ये टॉवेल घाल."